नववीत थांबणारी मुले

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने एखाद्या विषयावर बोलावे असा मंडळाचा रिवाज आहे. यंदा चिटणीसबाईंनी तो भार माझ्यावर टाकला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही, म्हणून लिहून आणले आहे. कोठे अडखळले तर सांभाळून घ्यावे. मागे लोणची-पापडांवर बोलणे झाले, बाळंतिणीच्या आहारावर झाले. मी जरा निराळा विषय घेतला आहे. आपली मुले आठवी-नववीत शाळेतून का गळतात, आणि ती टिकावीत म्हणून कोणी कोठे काय केले, हे मला सांगायचे आहे.

'गळती' हा शब्द सरकारी कागदातला. नळाची गळती असते, पत्र्याची असते, तशी ही मुलांची. फरक इतकाच, की पत्रा गळू लागला तर आपण त्याच दिवशी घरधन्याला वर चढवतो.

आमच्या गल्लीपुरतेच बोलते. नावे घेत नाही, सर्वांना ठाऊक आहेत. गेल्या दोन वर्षांत चार मुलांनी शाळा सोडली. एक जण द्राक्षाच्या बागेत औषध मारायला जातो. दुसरा टेम्पोवर क्लीनर आहे. तिसऱ्याला काहीच उद्योग नाही. तो पारावर मोबाईल घेऊन बसलेला असतो आणि इकडे त्याच्या आईच्या डोळ्याला डोळा लागत नाही. चौथी मुलगी आहे. नववीची सहामाही झाली तेव्हा आजी म्हणाली, "पोरगी थोराड दिसाय लागली, आता घरीच बरी." ती पंधरा वर्षांची आहे, आणि तिला पाहायला दोनदा पाहुणे येऊन गेले. मुलीचे लग्न अठराच्या आत करणे हा गुन्हा आहे, हे आपल्या मंडळात अनेकदा वाचून दाखवले आहे. परंतु मला जे दिसते ते असे, की शाळेत जाणाऱ्या मुलीसाठी स्थळे सहसा येत नाहीत. ती घरी बसली की लगेच येतात. "अजून शिकतीय" एवढे दोन शब्द तिच्या बापाला पाहुण्यांसमोर पुरतात. शाळा सुटली की ते दोन शब्दही जातात.

आता हे नववीतच का होते, याचा मी थोडा विचार केला. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. म्हणजे आठवीपर्यंत पुस्तके फुकट, दुपारची खिचडी शाळेत, आणि बरीच वर्षे नापास करणेही नव्हते. (२०२३ साली आपल्या राज्याने पाचवी-आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली, ते निराळे.) नववीत पाऊल टाकले की हे सगळे एकदमच थांबते. पुस्तके विकत, डबा घरचा, आणि नापास होण्याची भीती खरी. त्याच वर्षी पोराच्या अंगात हजेरी मिळवण्याइतके बळ येते. एकीकडून शाळा जड होते, दुसरीकडून रोजगार हाक मारतो. असे दोन्ही बाजूंनी ओढल्यावर पोर कोणत्या बाजूला जाईल?

'प्रथम' नावाची संस्था खेड्यापाड्यांतून 'असर' ही पाहणी करते. २०२३ साली त्यांनी देशभरातील काही जिल्ह्यांत १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची पाहणी केली. चौदाव्या वर्षी शाळेत नाव नसलेली मुले १०० त ४ सुद्धा नव्हती. अठराव्या वर्षी ती १०० त ३२ हून अधिक झाली होती. आणि त्या वयाची सुमारे चौथा हिस्सा मुले दुसरीच्या पुस्तकातला उतारा आपल्या भाषेत सरळ वाचू शकत नव्हती. ज्याला दुसरीचा उतारा वाचता येत नाही, त्याच्यापुढे नववीचे विज्ञान ठेवले तर तो मान खाली घालून बसणार, नाही तर मागच्या बाकावर दंगा करणार.

मुलगा शाळा का सोडतो असे विचारले, तर फी नाही, शाळा लांब आहे, अशी उत्तरे येतात; पण सर्वांत जास्त येणारे उत्तर, 'अभ्यासात मन लागत नाही'. सरकारी पाहण्यांतही तेच दिसते. आपण बायका त्याचा अर्थ लावतो, "त्याला डोकंच नाही." मला हे पटत नाही. तो टेम्पोवरचा मुलगा विहिरीवरच्या मोटारीचा आवाज लांबून ऐकून सांगतो की बेअरिंग गेले आहे. बागेत जाणारा मुलगा दोनशे लिटरच्या टाकीत औषध किती मिलि घालायचे ते तोंडी सांगतो. हे त्रैराशिकच आहे, भगिनींनो! वहीत मांडले की त्याला येत नाही, आणि टाकीत घालताना चुकत नाही. मग डोके नाही म्हणायचे, की शाळेने त्याचे डोके जिथे आहे तिथे हात घातला नाही म्हणायचे?

नेमका हाच विचार एका मोठ्या माणसाने केला आणि आपल्याच महाराष्ट्रात करून दाखवला. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ म्हणून गाव आहे. पाऊस कमी, आपल्यासारखाच कोरडा मुलूख. माझी धाकटी बहीण त्या बाजूला दिली आहे, म्हणून मला ते ठिकाण डोळ्यांनी पाहायला मिळाले. तेथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेले, हिंदुस्थान लिव्हर कंपनीच्या संशोधनशाळेत मोठ्या हुद्द्यावर असलेले हे गृहस्थ, पन्नाशी उलटल्यावर नोकरी सोडून खेड्यात येऊन राहिले. २००३ साली ते गेले. काम चालू आहे.

आश्रम म्हटल्यावर मला वाटले होते भजन-कीर्तन असेल. प्रत्यक्षात वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या, एकीकडे कोंबड्या, शेळ्या, एकीकडे विजेच्या तारांचे बोर्ड. घुमटासारखी गोल घरे आहेत, त्यांना 'पाबळ डोम' म्हणतात. आणि एक मुलगी, असेल सोळा-सतरा वर्षांची, डोळ्यांवर काळी काच धरून लोखंड जोडत होती. माझ्या बहिणीची सासू बरोबर होती. ती म्हणाली, "हिला कोण करून घेणार?" त्या मुलीने काच खाली घेतली आणि म्हणाली, "आजी, तुमच्या गोठ्याचं फाटक मोडलंय का?" आम्ही सगळ्या हसलो. फाटक खरोखरच मोडलेले होते.

त्यांची रीत अशी. शाळा सोडू नका. आठवी, नववी, दहावी हीच शाळा करा, पण आठवड्यातला एक दिवस हाताच्या कामाला द्या. या विषयाला त्यांनी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' असे नाव दिले. त्याचे चार भाग आहेत: लोखंड, लाकूड व बांधकाम, वीज, ऊर्जा व पर्यावरण, शेती व जनावरे, आणि घर व आरोग्य. प्रत्येक मुलाने चारही भाग करायचे. मुलग्यांनी स्वयंपाकाचे पदार्थ करायचे, रक्तातले लोह तपासायला शिकायचे. मुलींनी वायरिंग करायचे. शिकवणारे पुष्कळदा त्याच भागातले कसबी लोक. एका धंद्यात मुलाला जखडून टाकायचे नाही, तर चार दारे उघडून दाखवायची. मग त्याचे त्याला कळते, आपला हात कोठे वळतो. पुढे राज्याच्या परीक्षा मंडळाने हा विषय मान्य केला आणि इतर अनेक शाळांतून तो गेला.

यात मला विशेष आवडलेली गोष्ट ही, की मुले खोटे-खोटे काम करीत नाहीत. शाळेचे बाक मोडले तर ती दुरुस्त करतात. कोणा शेतकऱ्याची माती तपासून देतात, कोणाच्या घरी दिव्याचे फिटिंग करून देतात, आणि त्याचे रास्त पैसे शाळेला मिळतात, त्यातून पुढचा माल येतो. आता पाहा, फाटक करायचे म्हटले की माप आले, माप आले की अपूर्णांक आले, लोखंडाचा भाव आला, तूट किती आली, मजुरी किती धरली, हे सगळे आले. जो मुलगा गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघतो, तो आपले फाटक वाकडे होऊ नये म्हणून काटकोन विचारायला स्वतः गुरुजींकडे जातो. कोंबडीला खाद्य किती घातले आणि तिचे वजन किती वाढले, याचा रोज तक्ता लिहायचा आणि आलेख काढायचा. आलेख म्हणजे काय हे मला माझ्या मुलाच्या वहीत कधी कळले नव्हते. तेथे भिंतीवर कोंबड्यांचा पाहिला आणि कळला.

ज्यांची शाळा आधीच सुटली आहे, त्यांच्यासाठी तेथे एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे. चारही भागांचे काम शिकून बाहेर पडायचे आणि स्वतःचा धंदा करायचा, असा त्यामागचा हेतू. त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची मान्यता आहे. आणि खेड्यातले काम म्हणून कोणी नाक मुरडू नये म्हणून सांगते: अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेने जेव्हा कोणालाही वापरता येईल अशा यंत्रांची 'फॅब लॅब' ही कल्पना काढली, तेव्हा २००२ साली संस्थेबाहेरची पहिली लॅब पाबळला निघाली.

कल्पना तशी अगदी नवी नव्हे. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले, त्यात खेड्यातल्या मुलांना शेतीचे व आरोग्याचे उपयोगी ज्ञान द्या असे सांगितले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा व शिका' म्हणून हजारो गरिबांची मुले शिकवली. ते आपल्या भागात कोणाला सांगायला नको.

पण येथे एक खडा आहे, आणि तो मी लपवून ठेवणार नाही. हाताचे काम गरिबाच्या पोराला आणि पुस्तक श्रीमंताच्या पोराला, असे जर झाले तर ते शिक्षण नव्हे, तो फास आहे. मद्रास राज्यात १९५३ साली राजगोपालाचारींनी अशी योजना आणली होती, की मुलांनी अर्धा वेळ शाळेत यावे आणि उरलेल्या वेळी आपल्या घरचा धंदा शिकावा. लोक चवताळून उठले. कुंभाराच्या मुलाने चाकच फिरवायचे आणि धोब्याच्या मुलाने कपडेच धुवायचे का, असे त्यांनी विचारले, आणि ते रास्तच होते. १९५४ साली ती योजना मागे घ्यावी लागली. म्हणून मी म्हणते, मुलाला बापाचा धंदा दाखवण्यात काही मोठेपणा नाही, तो त्याने पाहिलेलाच आहे. त्याला दुसऱ्याच्या बापाचा, आणि दुसऱ्याच्या आईचाही, धंदा दाखवला पाहिजे. ऊसतोडीच्या पोराने दवाखान्यातली तपासणी पाहावी, आणि डॉक्टरांच्या मुलीने छाटणीची कात्री हातात धरून पाहावी.

माझी पुतणी पुण्याला समाजकार्याचे शिकते. तिने मला परदेशातली एक हकिकत मराठीत लिहून दिली, ती थोडक्यात सांगते. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात १९६९ साली तेथल्या वीज कंपनीच्या मदतीने एका शाळेत विजेच्या कामाचा वर्ग काढला. हेतू हाच, की गळणारी मुले टिकावीत. त्याचे पुढे देशभर शेकडो वर्ग झाले. १९९३ पासून तेथल्या एका संशोधन संस्थेने नऊ शाळांत त्याची तपासणी केली. जागा थोड्या आणि अर्ज फार, म्हणून चिठ्ठ्या टाकून मुले घेतली होती. तेव्हा ज्यांची चिठ्ठी निघाली ती आणि न निघाली ती, अशी सरळ तुलना करता आली. जी मुले शाळा सोडण्याच्या अगदी काठावर होती, त्यांच्यातली चिठ्ठी न निघालेली १०० त ३२ गळाली आणि निघालेली २१. म्हणजे शंभरातली अकरा मुले वाचली. आपल्या गल्लीत अकरा मुले म्हणजे किती घरे, ते मोजा!

त्यातच आणखी एक बाब निघाली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सगळ्याच वर्गांत मुले टिकली नाहीत. जिथे शिक्षक मुलांना जवळ करीत, नावाने विचारीत, मुले एकमेकांना धरून राहत, तिथे टिकली. जिथे नुसते काम शिकवले आणि माणूस मागे उभा राहिला नाही, तिथे फायदा झाला नाही. म्हणजे हातोडीने मुलगा टिकत नाही. हातोडी देणारे कोणी तरी "काल का आला नाहीस रे?" असे विचारते, त्याने टिकतो. आणि भगिनींनो, हे विचारायला डॉक्टरेट लागत नाही. आपण दारात उभ्या राहून दिवसभर तेच करतो.

आपल्या राज्यातही काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी होत असे. २०१६ साली ती सुरू झाली. माझ्या थोरल्या मुलीने ती दिली. तिचा कल वाणिज्याकडे आहे असा कागद आला, तो अजून कपाटात आहे. चांगली गोष्ट होती. पण दहावीपर्यंत पोचलेल्यालाच ती मिळे. जो नववीत थांबला त्याचा कल कोणाकडे आहे, ते कोण विचारणार? नव्या, २०२० च्या शैक्षणिक धोरणात ही गोष्ट जरा अलीकडे ओढली आहे. सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना ठेवावे, आणि त्या दिवसांत गावातल्या सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे काम पाहायला व करायला पाठवावे, असे त्यात म्हटले आहे. हे वाचून मी थबकले. गावातले हे कसबी लोक म्हणजे कोण? आपल्याच घरचे ना!

आपल्या मंडळाचीच यादी मी मनाशी केली. चौघी शिवणकाम करतात, त्यातली एक सोलापूरच्या कारखान्याचे शाळेचे गणवेश शिवते. एकीची पिठाची गिरणी आहे, एक दुधाचे संकलन पाहते, दोघींच्या घरी बेदाण्याचे शेड आहे. एक आशाताई आहे. एक पार्लर चालवते. घरच्या पुरुषमंडळींत वायरमन आहे, गॅरेजवाला आहे, छाटणीच्या टोळीचा मुकादम आहे. एकीच्या माहेरी पंढरपुरात पखवाजाला शाई लावण्याचे काम चालते. एवढी विद्या एका गल्लीत असताना आपली पोरे पारावर का बसावीत?

मी शाळेतल्या बाईंशी बोलून आले आहे. त्यांचे म्हणणे, दर शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास, आठवी-नववीची पाच-पाच मुले एकेका घरी पाठवू. मुलगे शिवणयंत्रावर, मुली गॅरेजवर. पुढच्या शनिवारी दुसरे घर. बरोबर शाळेचे कोणी तरी असेल. आमच्या एका जाऊबाईंनी लगेच शंका काढली, "म्हंजी पोरं फुकट राबवायची व्हय?" शंका योग्य आहे. म्हणून ठरवले, की मुलांकडून आपले रोजचे काम उरकून घ्यायचे नाही. मुलाने जे केले ते त्याचे शिकण्यापुरते. यंत्राच्या पट्ट्याजवळ, औषधाच्या फवाऱ्याजवळ कोणालाही उभे करायचे नाही. परीक्षेच्या महिन्यात बंद.

नुसते काम दाखवू नये, हिशेबही दाखवावा. यंत्र केवढ्याला घेतले, कर्ज किती, मागल्या वर्षी तोटा का आला, हे मुलांपुढे उघड बोलावे. आणि या कामाला किती शिक्षण लागते, तेही खरे सांगावे. आशाताईंनी सांगावे की कमी शिकलेली असती तर ही नेमणूक मिळाली नसती. वायरमनभाऊंनी आयटीआयची गोष्ट सांगावी. मुलाला दहावीचा उपयोग गुरुजींच्या तोंडून कळत नाही तितका अशा माणसाच्या तोंडून कळतो.

ज्या चौघांची शाळा सुटली त्यांच्यासाठीही वाट बंद नाही. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येते. आयटीआयला काही ट्रेड दहावी नापास मुलांनाही मिळतात, वायरमन आणि वेल्डर त्यांतलेच. पंढरपूरला सरकारी आयटीआय आहे, रोज एस.टी.ने जाऊन येता येते. त्या मुलीच्या आजीकडे चिटणीसबाई आणि मी सोमवारी जाणार आहोत. मुलीचे नाव शाळेच्या पटावर अजून आहे, बाईंनी ते कमी केलेले नाही. आजीच्या माहेरकडची कोणी आपल्यात असेल तर तिने बरोबर यावे. माझे त्या ऐकतील असा भरवसा नाही, माहेरच्या माणसाचे ऐकतील.

पहिली दुपार येत्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी धरली आहे. बाईंनी एकवीस मुलांची नावे दिली आहेत, घरे मात्र अजून तीनच मिळाली आहेत: एक शिवणाचे, एक गिरणीचे आणि एक माझे. माझ्याकडे धंदा नाही, पण शेवया आणि पापडांच्या ऑर्डरी असतात, त्यांची वही मी पंधरा वर्षे ठेवली आहे, ती मुलांना दाखवीन. आणखी दोन घरे तरी पाहिजेत. चहापानानंतर चिटणीसबाई वही घेऊन दाराशी बसणार आहेत. नाव देताना कोणते काम, किती मुले बसतील आणि शनिवारी दुपारी वीज असते की नाही, एवढे सांगावे.